चिंगीचा विमानप्रवास
(द्वितीय वर्ष कला)

आमची मरोळची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली. भांडीकुंडी टेम्पोतून भाड्याच्या खोलीत गेली, मागोमाग आम्ही गेलो. प्रश्न उरला चिंगीचा. नव्या घरमालकाने ‘मांजर नको’ असे आधीच बजावले होते. जिन्याखाली जन्मलेले ते पिलू पाडायच्या चाळीत सोडून यायचे, की बंगळूरला ताईकडे पाठवायचे? आगगाडीने जवळजवळ एक दिवस लागतो, विमानाने दोन तासांच्या आत. आई म्हणाली, “आपल्या घरातलं कुणी अजून विमानात बसलं नाही, आणि पहिला मान मांजराचा!”

बाबा मात्र हसले नाहीत. सहारला कार्गोच्या शेडमध्ये लोडर म्हणून त्यांची वीस वर्षे गेली आहेत. ते एवढेच म्हणाले, “आकाशात काही होत नाही गं. जे व्हायचं ते जमिनीवर होतं.”

या वाक्याचा अर्थ मला पुढे दीड महिन्यात कळला.

प्राणी दोन प्रकारे जातो. एक, प्रवाशाबरोबर केबिनमध्ये. अकासा एअरने २०२२ च्या नोव्हेंबरपासून ही सोय सुरू केली, तेव्हा पिंजऱ्यासह वजनाची मर्यादा ७ किलो होती. पण त्याला सोबत तिकीट काढलेले माणूस हवे. दुसरा प्रकार कार्गोचा, म्हणजे विमानाच्या पोटातून. बाबा त्याला ‘बेली’ म्हणतात. आमच्यापुढे हाच मार्ग होता.

खाली प्राणी गारठून किंवा गुदमरून मरतो, असा माझाही समज होता. तसे नाही. वरची केबिन आणि खालची बेली एकाच हवाबंद कवचात असतात, त्यामुळे हवेचा दाब दोन्हीकडे सारखाच. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे चिंगी कळसूबाईच्या थोडी वर जाऊन बसणार. धडधाकट पिलाला तेवढे सोसते. ऊब मात्र प्रत्येक कप्प्यात सारखी नसते. म्हणून जनावर योग्य कप्प्यातच ठेवतात आणि ते कुठे आहे हे कॅप्टनला लेखी कळवतात. मालात सुका बर्फ असेल तर तो दूर ठेवावा लागतो; त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि बंद जागेत तो श्वासाला घातक.

चाळीतल्या निम्म्या लोकांनी ‘झोपेची गोळी द्या’ असा सल्ला दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. गोळीने रक्तदाब आणि श्वास मंदावतो, पेटी कलली की गुंगीतल्या पिलाला स्वतःला सावरता येत नाही, आणि तिथे बघायला कोणी नसते.

वयाचीही अडचण होती. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे पिलू निदान ८ आठवड्यांचे आणि दूध तुटलेले हवे. पण रेबीजची लस साधारणपणे १२ व्या आठवड्याला देतात. तोवर चिंगी घाटकोपरला माझ्या मैत्रिणीकडे राहिली. (मैत्रिणीच्या आजीचे उपकार फिटण्यासारखे नाहीत.) आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले. कुत्र्यामांजरांसाठी त्यांत वेगळे प्रकरण आहे. प्रवासास योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला नसेल तर वाहतूकदाराने जनावर घेऊच नये. दूध पिणारे पिलू आईखेरीज दुसऱ्या मोठ्या मांजराबरोबर पाठवू नये. सरकारी नियमांत कुणी एवढा बारीक विचार केला असेल, असे मला वाटले नव्हते.

पेटीची तपासणी बाबांनी स्वतः केली. आत उभे राहता, वळता आणि पसरून झोपता आले पाहिजे. हवा खेळली पाहिजे. पाण्याची वाटी दार न उघडता भरता आली पाहिजे. आधी पंधरा दिवस पेटी मैत्रिणीच्या घरी उघडी ठेवली आणि चिंगीला त्यातच खायला दिले. तळाला टिपकागद, वर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. बाबांचे सारे लक्ष दाराच्या कडीवर. “पेटी हातातून हातात जाते,” ते म्हणाले, “कडी निघाली आणि मांजर सुटलं, की धावपट्टीवर कोण शोधणार?”

आता जमिनीचा अर्थ. माल उड्डाणाच्या कितीतरी आधी शेडमध्ये द्यावा लागतो. मग वजन, कागद, ट्रॉली, आणि विमानाशेजारी वाट पाहणे. मे महिन्यात दुपारी तिथले काँक्रीट तव्यासारखे तापते. कपड्यांच्या गठ्ठ्याला त्याचे काही नाही; पेटीतल्या जिवाला तेवढा अर्धा तास पुरतो. म्हणून बाबांनी उन्हाळा टाळला, रात्रीचे विमान निवडले आणि मध्ये कुठे न बदलणारे.

जुलैतल्या त्या रात्री पाऊस कोसळत होता. बाबांची पाळी नव्हती, तरी ते पेटीबरोबर शेडपर्यंत गेले. विमानाला दोन तास उशीर झाला. पाळीवरच्या सोबत्याला त्यांनी सांगून ठेवले होते, त्यामुळे चिंगीची पेटी सगळ्यांत शेवटी ट्रॉलीवर चढली. बाबा पहाटे तीनला भिजून घरी आले आणि न बोलता झोपले.

सकाळी ताईचा फोन आला. चिंगी पोचली होती, पण कपाटाखालून बाहेर येत नव्हती. आईने विचारले, “काही खाल्लं का तिने?” बाबांनी फोन हातात घेतला आणि विचारले, “कडी शाबूत होती ना?”