पाणी आणि मीठ : शरीराचा जमाखर्च

ज्येष्ठातल्या दुपारी पडावावरून स्टेशनापर्यंत चालत गेले की अंगाला घामाच्या धारा लागतात. तो घाम खारट का लागतो, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

६० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ३६ लिटर पाणी असते. पैकी २४ लिटर पेशींच्या आत व १२ लिटर बाहेर असते. बाहेरच्यापैकी सुमारे ३ लिटर रक्तद्रवात व बाकीचे बहुतेक पेशींच्या सभोवती असते. बाहेरच्या पाण्यातील मुख्य क्षार सोडियम, आतल्यातील पोटॅशियम. पेशींचे आवरण सोडियमला अहोरात्र बाहेर व पोटॅशियमला आत ढकलीत असते. पाणी मात्र क्षार दाट असतील तिकडे ओढले जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावताच पाणी सुटते, तोच हा नियम.

घामातून व जुलाबातून पाण्याबरोबर मीठही जाते. त्याची भरपाई केवळ साध्या पाण्याने अतोनात केली, तर रक्तातील सोडियम विरळ होते, पाणी पेशींत शिरते आणि मेंदू सुजून झटके येऊ शकतात. आपल्या आजीबाई उन्हाळ्यात गूळ-मिठाचे पन्हे देत, त्यात मोठे शहाणपण होते.

“पाणी पाजले की जुलाब वाढतात,” असे म्हणून मुलाचे पाणी तोडणारे पालक आम्हांस शाळेत अजून भेटतात. ही समजूत घातक आहे. जुलाबातही आतडे साखरेच्या सोबतीने मीठ शोषून घेते व त्यामागोमाग पाणी येते. १९७१ साली बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजविले. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे शेकडा ४ च्या खाली आले.

घरी ओआरएसची पुडी ठेवावी. ती नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ अधिक घालू नये. घोट घोट पाजावे. तान्ह्याचे दूध तोडू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा मूल सुस्तावले, तर तत्काळ डॉक्टर गाठावा.

तहानलेल्यास पाणी देणे हे पुण्य आपण सारे जाणतोच. आजारी लेकरास त्यात चिमूटभर ज्ञानही मिसळून द्यावे, एवढीच आमची विनंती.