केवळ दाबाने नस दुखत नाही

कमरेतून निघून मांडीच्या मागच्या अंगाने पोटरीत आणि तेथून थेट पावलापर्यंत उतरणारी, साध्या शिंकेनेही उसळून येणारी कळ ज्याने सोसली आहे, त्याला तिचे कारण विचारले तर ‘मणक्यातली गादी सरकली आणि नस दबली’ असेच उत्तर बहुधा मिळते. आणि फुटलेली गादी व सायटिका यांचा संबंध बॉस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी १९३४ साली सप्रमाण मांडला, तेव्हापासून वैद्यकशास्त्राचेही उत्तर दीर्घकाळ हेच होते. परंतु मांडी घालून फार वेळ बसले असता नसेवर दाब पडून पाय बधिर होतो, त्याला मुंग्या येतात, ती जीवघेणी कळ मात्र येत नाही; मग कमरेतल्या दाबानेच ती का यावी?

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मिळाला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कुस्लिच आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांवर, केवळ कमरेचा तेवढा भाग बधिर करून, शस्त्रक्रिया केल्या. आणि रुग्ण जागा असल्यामुळे आतल्या एकेका भागाला स्पर्श करीत, कोठे दुखते याची जबानी त्यांना त्याच्याच तोंडून घेता आली. निरोगी, न दबलेल्या नसेच्या मुळाला स्पर्श केला तरी दुखत नसे. पण दबून सुजलेल्या मुळाला किंचित धक्का लागताच पायातली ती ओळखीची कळ उठे. दुखण्यासाठी दाबाला दाहाची जोड लागते, हे यावरून उघड होते.

हा दाह कोठून येतो? गादीच्या मऊ गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षणयंत्रणेशी त्याचा परिचयच होत नाही. तो फुटून बाहेर आला की ती त्याला परका मानते आणि भक्षकपेशी तेथे गोळा होतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ओल्मार्कर व रिडेविक यांनी, १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, डुकराच्या नसेच्या मुळावर त्याच्याच गादीचा गाभा, कसलाही दाब न देता, नुसता ठेवला, तरी आठवड्याभरात त्या नसेचा संदेशवहनाचा वेग मंदावला; आणि १९९८ साली ओल्मार्कर व लार्सन यांच्या संशोधनाने या अपायाचा संबंध टीएनएफ नावाच्या प्रथिनाशी जोडला.

टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ हे सारे सायटोकाइन, म्हणजे एका पेशीचा हुकूम दुसऱ्या पेशीकडे नेणारे रेणू होत. ते वेदनावाहक तंतूंवर असे परिणाम करतात, की सोडियमचे कण आत घेणारी त्यांची सूक्ष्म द्वारे अल्पशा चिथावणीनेही उघडू लागतात. स्वस्थ राहावयाची नस मग कारणावाचून संदेश धाडीत राहते, आणि पाय धड असूनही दुखणे पायातच भासते. हे फार दिवस चालले, तर मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया नावाच्या पेशीही तसेच रेणू स्रवू लागतात, आणि पांघरुणाचा स्पर्शसुद्धा असह्य होतो.

तथापि या रेणूंना निव्वळ शत्रू मानणे मला न्याय्य वाटत नाही. कारण ज्या भक्षकपेशी दाह पेटवितात, त्याच बाहेर आलेला गाभा गिळून टाकतात, आणि कित्येकदा तो काही महिन्यांत आपोआप आकसतो, ज्यायोगे बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेवाचूनच आराम पडतो. टीएनएफला निष्प्रभ करणारे इन्फ्लिक्झिमॅब हे औषध फिनलंडमध्ये ४० रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ते निष्क्रिय सलाइनहून सरस ठरले नाही. इतके रेणू एकाच वेळी काम करीत असता त्यांतल्या एकाचा बंदोबस्त करून भागत नसावे, असे मला वाटते.

मात्र कळीबरोबर पाय लुळा पडू लागला, जांघेभोवती बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दाह शमण्याची वाट पाहत घरी बसू नये. तेथे दाबच नसांचा घात करीत असतो, आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावे लागते.