लॉजच्या खोलीत बिऱ्हाड आलं, तर वायर पुरेल का?
मंडळी, समजा सोलापूर स्टेशनजवळच्या जुन्या लॉजच्या दहा खोल्यांत आता बिऱ्हाडं आली. पूर्वी खोलीत पंखा, ट्यूबलाइट, टीव्ही. धरा २३० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला एक अँपिअर. आता भाकरीला इंडक्शन शेगडी, २००० वॅटची. वॅटला व्होल्टने भागा: ८.७. किटली १५०० वॅटची: ६.५. पंखा-दिवे धरून १६.२ अँपिअर. प्रवाह सोळापट झाला. वायरीतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचशे पटींहून जास्त! एमसीबी सारखा पडतो म्हणून लोक ३२ चा बसवतात. अहो, एमसीबी वायरीला जपायला असतो. मोठा बसवला की तो गप्प राहतो आणि भिंतीतली दिव्यापंख्याची वायर भाजत राहते. स्वयंपाकाला वेगळी, जाड वायर बोर्डापासूनच ओढायला हवी.

आता दहा खोल्यांचे शेगडी-किटलीचे ३५ किलोवॅट. ॲरिस्टॉटलच्या भाषेत ही नुसती शक्यता. प्रत्यक्षात सगळं एकदम चालत नाही, म्हणून हिशोबात थोडी सूट घेतात. पण लॉजवरून घेतलेली सूट इथे चालणार नाही. पाहुणे येतात-जातात, बिऱ्हाडांच्या भाकऱ्या मात्र संध्याकाळी एकाच वेळी पडतात. महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागताना तीच वेळ धरायची.