हरूनही ऑलिम्पिकला कसे पोचलो? टेबल टेनिसचं क्वालिफिकेशन आणि फॉरमॅट, सोप्या भाषेत

(एपिसोडचा लिखित पाठ. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले चार-दोन ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्चुअली’ कमी केलेत. सगळे नाही केले, नाहीतर तुम्हाला वाटायचं दुसराच कोणी बोलतोय.)

आज विषय टेबल टेनिस. फोरहँड, बॅकहँड, स्पिन यावर मी बोलणार नाही, त्यासाठी यूट्यूबवर माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगले लोक आहेत. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला खेळाच्या मागची सिस्टीम बघायला आवडते. कोण आत येतो, कोण बाहेर राहतो, आणि हे ठरवणारे नियम कसे लिहिलेत. आपण पॅरिस २०२४ ऑलिम्पिक घेऊन हे समजून घेऊ, कारण त्यात भारताची एक भारी गोष्ट आहे.

फेब्रुवारी २०२४. दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये वर्ल्ड टीम चॅम्पियनशिप्स. भारताचे दोन्ही संघ उपउपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे शेवटच्या सोळात हरले. पुरुष दक्षिण कोरियाकडून ०-३, महिला चायनीज तैपेईकडून १-३. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बातमी आली की भारताचे दोन्ही संघ ऑलिम्पिकला पात्र! तेही इतिहासात पहिल्यांदा. सांघिक टेबल टेनिस ऑलिम्पिकमध्ये २००८ पासून आहे, पण आपला संघ तिथे कधीच पोचला नव्हता.

बऱ्याच जणांनी विचारलं, हरलो तरी गेलो कसे? कोणी कृपा केली का? अजिबात नाही. नियम बघू.

दारं किती?

पॅरिसला टेबल टेनिससाठी एकूण १७२ जागा होत्या. ८६ पुरुष, ८६ महिला. इव्हेंट पाच: पुरुष सिंगल्स, महिला सिंगल्स, पुरुष सांघिक, महिला सांघिक आणि मिक्स्ड डबल्स.

पुरुषांत १६ संघ आणि महिलांत १६ संघ. एका संघात तीन खेळाडू. म्हणजे ८६ पैकी ४८ जागा तिथेच गेल्या. उरलेल्या ३८ सिंगल्स आणि मिक्स्ड डबल्सच्या वाटेने येणाऱ्यांसाठी.

आता १६ संघ कसे ठरले? एकामागे एक दारं आहेत असं समजा. पहिलं दार यजमानाचं. फ्रान्स घरचा मालक, त्याला जागा पक्की. दुसरं दार खंडांचं. आशिया, युरोप, आफ्रिका अशा प्रत्येक खंडाच्या स्पर्धेतून एक संघ. आशियातून कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, चीन. तिसरं दार बुसानचं. तिथे उपांत्यपूर्व फेरी गाठली की तिकीट. आणि चौथं दार, वर्ल्ड टीम रँकिंग. आधीच्या तीन दारांतून आत न आलेल्या संघांची यादी काढायची आणि उरलेल्या जागा वरून खाली भरत जायच्या.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. इफ, एल्स इफ, एल्स इफ, आणि शेवटी एल्स. भारत त्या शेवटच्या एल्समधून आत आला. एक सामना हरलो म्हणून आधीची सगळी मेहनत पुसली गेली नाही, कारण रँकिंगमध्ये ती जमा होती.

मग नुसतं रँकिंगच का नाही?

हा प्रश्न मला खरंच इंटरेस्टिंग वाटतो. सरळ टॉप १६ घ्या, विषय संपला. एवढ्या स्पर्धा कशाला?

आधी रँकिंग कसं बनतं ते बघू. सिंगल्सच्या जागतिक क्रमवारीत गेल्या बारा महिन्यांतले तुमचे सर्वोत्तम आठ निकाल मोजतात. मोठ्या स्पर्धेला जास्त पॉइंट. ग्रँड स्मॅश जिंकलात तर २०००, चॅम्पियन्सला १०००, स्टार कंटेंडरला ६००, कंटेंडरला ४००. एकच मोठा आठवडा तुम्हाला कुठल्या कुठे नेतो. मे २०२४ मध्ये मनिका बत्राने जेद्दाच्या सौदी स्मॅशमध्ये चीनच्या वांग मानयूला हरवलं, उपांत्यपूर्व फेरी गाठली, आणि ती थेट ३९ वरून २४ व्या क्रमांकावर गेली.

पण यात एक मेख आहे. पॉइंट मिळवायचे तर खेळायला जावं लागतं. आज जेद्दा, उद्या लागोस, परवा अजून कुठे. विमानाची तिकिटं, हॉटेल, व्हिसा, कोच. ज्याला हे परवडत नाही, किंवा ज्याचा देश त्याला पाठवतच नाही, त्याचं रँकिंग खाली. खेळ चांगला असला तरी खाली.

याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे उत्तर कोरियाची मिक्स्ड डबल्स जोडी, री जोंग सिक आणि किम कुम योंग. हे दोघं आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये जवळपास दिसतच नव्हते. रँकिंगच्या भरवशावर बसले असते तर पॅरिस टीव्हीवरच बघावं लागलं असतं. पण एप्रिल २०२४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या हाविरोव्ह इथे मिक्स्ड डबल्सची वेगळी पात्रता स्पर्धा झाली, आणि ते तिथून आत आले. पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत त्यांनी दुसरं मानांकन असलेल्या जपानच्या हारिमोतो-हायाता जोडीला घरी पाठवलं आणि शेवटी रौप्यपदक घेऊन गेले.

म्हणून दोन्ही वाटा लागतात. रँकिंगची वाट वर्षभर सातत्य ठेवणाऱ्याला न्याय देते. स्पर्धेची वाट ज्याला वर्षभर फिरता आलं नाही त्याला संधी देते. आपण पहिल्या वाटेने गेलो, ते दुसऱ्या.

एका देशाचे किती?

समजा देशांवर मर्यादाच नाही. २००८ मध्ये बीजिंगला सिंगल्समध्ये एका देशाचे तीन खेळाडू चालायचे. निकाल? पुरुषांची तिन्ही पदकं चीनची, महिलांची तिन्ही पदकं चीनची. पोडियमवर तीनही झेंडे एकच. त्यानंतर २०१२ पासून नियम आला, सिंगल्सला एका देशाचे जास्तीत जास्त दोन.

या नियमाची किंमत कोणीतरी मोजतंच. मा लाँगने २०१६ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन सिंगल्स सुवर्णपदकं जिंकली होती. पॅरिसला तो सिंगल्समध्ये नव्हताच. चीनच्या दोन जागा फान झेनडाँग आणि वांग चुचिन यांना मिळाल्या, मा लाँग फक्त सांघिक खेळला. गतविजेता फिट आहे, गावात आहे, आणि स्पर्धेत नाही. कटू वाटतं, पण याच नियमामुळे बाकीच्या जगाला एक पदक तरी मोकळं राहतं.

आपल्यासाठी हाच नियम उलट्या बाजूने फायद्याचा ठरला. संघ पात्र झाला की त्या देशाला सिंगल्सच्या दोन जागा सोबत मिळतात. त्यामुळे शरत कमल, हरमीत देसाई, मनिका बत्रा आणि श्रीजा अकुला यांना सिंगल्स खेळता आलं. मनिका आणि श्रीजा दोघीही शेवटच्या सोळात पोचल्या. ऑलिम्पिक सिंगल्समध्ये त्याआधी कोणी भारतीय तिथवर गेलं नव्हतं.

तिसरी खुर्ची

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग. संघात तिघीच. मनिका आणि श्रीजा पक्क्या. तिसरी कोण?

बुसानमध्ये चीनविरुद्धच्या सामन्यात अहिका मुखर्जीने जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सुन यिंगशाला हरवलं होतं. त्याच सामन्यात श्रीजाने वांग यिदीला हरवलं. आपण २-३ ने हरलो, पण चीनला घाम फुटला. साहजिकच लोकांना वाटलं, अहिका हवीच. निवड मात्र रँकिंगवर झाली आणि तिसरी जागा अर्चना कामतला मिळाली. अहिका राखीव. पुरुषांत तिसरा मानव ठक्कर, आणि जी. साथियन राखीव.

एक अफाट विजय मोठा, की बारा महिन्यांचा हिशोब मोठा? मला वाटतं, नियम आधीच सांगितलेला असेल तर तोच पाळावा. नाहीतर प्रत्येक निवड ही वादावादी होते, आणि ज्याच्या ओळखी जास्त त्याचा आवाज मोठा. पण ‘राखीव’ हा शब्द लिहायला सोपा आहे, त्या खुर्चीत बसायला नाही, हेही तितकंच खरं.

सांघिक सामना चालतो कसा?

आता फॉरमॅट. पाच मॅच, ज्याने तीन जिंकल्या तो पुढे. पहिली मॅच डबल्स, मग चार सिंगल्स. प्रत्येक मॅच पाच गेमची, गेम ११ पॉइंटचा, १०-१० झाले तर दोन पॉइंटची आघाडी लागते.

गंमत अशी की प्रत्येक खेळाडूला जास्तीत जास्त दोनच मॅच खेळता येतात. संघातली एक जण डबल्स सोडून दोन सिंगल्स खेळते. बाकी दोघी डबल्स आणि प्रत्येकी एक सिंगल्स. म्हणजे तुमच्याकडे कितीही मोठी स्टार असू दे, ती तुम्हाला दोनच मॅच जिंकून देऊ शकते. तिसरी दुसऱ्या कोणालातरी जिंकावीच लागते. सगळा लोड एका सर्व्हरवर टाकायची सोयच ठेवलेली नाही.

भारत विरुद्ध रोमानिया, ५ ऑगस्ट २०२४. रोमानियाला चौथं मानांकन. बघा काय झालं:

१. डबल्स: श्रीजा-अर्चना ३-० ने जिंकल्या.
२. मनिकाने बर्नाडेट सोक्सला ३-० हरवलं.
३. श्रीजा एलिझाबेता समाराकडून २-३ हरली.
४. अर्चना सोक्सकडून १-३ हरली.
५. मनिकाने अदिना दियाकोनूला ३-० हरवलं.

३-२, भारत उपांत्यपूर्व फेरीत! सगळे हेडलाइन मनिकाच्या नावाचे, आणि ते बरोबरच. पण तिने दोन दिल्या, तिसरी आली डबल्समधून, जिथे मनिका टेबलजवळ नव्हतीच. मनिकाला डबल्सला न लावता दोन सिंगल्सला ठेवायचं, हा निर्णय सामना सुरू व्हायच्या आधी कागदावर झाला होता. अर्धी लढाई तिथेच असते.

पुढे जर्मनीकडून आपण १-३ हरलो. आपला एकमेव विजय कोणाचा? अर्चना कामतचा. आणि आपल्याला सर्वात जास्त त्रास कोणी दिला? १८ वर्षांच्या अॅनेट कॉफमनने. ती मूळ संघात नव्हतीच! नीना मिटेलहॅम जखमी झाली म्हणून राखीव खुर्चीतून उठून आली, आणि तिने मनिका आणि श्रीजा दोघींना हरवलं.

पुरुष संघाचं नशीब ड्रॉने ठरवलं. वरच्या मानांकनाचे संघ आधीच एकमेकांपासून लांब ठेवतात, खालच्यांना त्यांच्यासमोर जावं लागतं. आपल्याला पहिल्याच फेरीत चीन. ०-३. शरत कमलचं ते पाचवं ऑलिम्पिक होतं आणि संघासोबतचं पहिलं.

एक वाईट दिवस

बुसानसारख्या वर्ल्ड टीममध्ये आधी गट असतात. चीनकडून हरूनही आपल्या मुली पुढे गेल्या. ऑलिम्पिकमध्ये ती सोय नाही, सरळ नॉकआउट. सिंगल्स आणि मिक्स्ड डबल्सला मॅच सात गेमची, पण हरलात की बॅग भरा. फक्त उपांत्य फेरीत हरलेल्यांना कांस्यपदकासाठी एक मॅच मिळते.

वांग चुचिनला विचारा. ३० जुलैला मिक्स्ड डबल्सचं सुवर्ण जिंकलं, जल्लोषात फोटोग्राफरच्या गर्दीत त्याची बॅट मोडली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅटने खेळला आणि स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून हरला. मोरेगार्ड पुढे रौप्यपदकापर्यंत गेला.

पुढे काय?

लॉस एंजेलिस २०२८ ला नियम पुन्हा बदलतायत. पुरुष आणि महिला सांघिक जाणार. त्यांच्या जागी मिश्र सांघिक, आणि २००४ नंतर पहिल्यांदा पुरुष डबल्स आणि महिला डबल्स परत येणार. सिंगल्स आणि मिक्स्ड डबल्स आहेतच.

याचा अर्थ डबल्स खेळणाऱ्यांचा भाव वाढणार. आपल्या मुंबईची दिया चितळे मानुष शाहसोबत मिक्स्ड डबल्स खेळते. पॅरिसला भारताची मिक्स्ड जोडी नव्हती. तिथे जोड्या फक्त १६, दोन मॅच जिंकलात की थेट उपांत्य फेरी. दार अरुंद आहे, पण आत गेल्यावर पदक फार लांब नाही.

तर पुढच्या वेळी ‘भारत हरला’ असं नोटिफिकेशन आलं की लगेच स्वाइप करू नका. कुठल्या दारावर हरला ते बघा. अजून एखादं दार उघडं असू शकतं.

तुमच्या कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या टीममध्ये तिसरी खुर्ची कोणाला द्यायची यावर भांडणं झाली असतील, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. चला, भेटू!