एक खिडकी, बावन्न ठिकाणी

कॉमर्सच्या मुलाने इंजिनिअरांच्या रेघोट्यांवर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु या विषयाची आणि माझी गाठ हिशेबातूनच पडली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत शहरातील एका ड्रॉइंगच्या ऑफिसात मी बिले लिहायला जात असे. फावल्या वेळात तेथील मंडळींनी मला ऑटोकॅड शिकवले, आणि त्यात मला सर्वांत मोह पडला तो ‘ब्लॉक’ या युक्तीचा.

इमारतीच्या नकाशात एकाच तऱ्हेची पन्नास-साठ दारे असतात. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर प्रत्येक दार नव्याने काढावे लागे. संगणकावर ते एकदाच काढायचे, त्याच्या सर्व रेघा निवडायच्या, त्यांना एक नाव द्यायचे आणि एक ‘बेस पॉइंट’ ठरवायचा. झाला ब्लॉक. मग ‘इन्सर्ट’ म्हणून जागा, प्रमाण आणि कोन सांगितला की दार तेथे उभे. दारात तीस रेघा असतील आणि अशी शंभर दारे लागणार असतील, तर नुसत्या नकला मारल्यास फाइलमध्ये तीन हजार रेघा साठतात. ब्लॉक केल्यास तीस रेघा एकदाच साठतात आणि बाकी शंभर नोंदी, ‘अमुक नावाची वस्तू अमुक जागी’ एवढ्याच. आमच्या भाषेत बोलायचे तर लेजरमधील खाते एकच, व्हाउचरे शंभर.

ऑफिसातील माझा कानडी मित्र म्हणाला, “हा तर अच्चु! संक्रांतीला साखरेची चित्रे पाडतात तो.” उपमा मला फार आवडली, परंतु ती एका ठिकाणी तुटते, आणि खरी गंमत तेथेच आहे. साखरेचा साचा बदलला म्हणून ताटातली चित्रे बदलत नाहीत. येथे मात्र ब्लॉकची मूळ व्याख्या बदलली की आधी बसवलेली सगळी दारे आपोआप बदलतात. ही कल्पना ऑटोकॅडच्याही आधीची आहे. ऑटोकॅड १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आले; पण आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एम. आय. टी. मध्ये सादर केलेल्या प्रबंधातील ‘स्केचपॅड’मध्ये मूळ चित्र आणि त्याच्या प्रती हा भेद होता. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून मूळ चित्र बदलले की सर्व प्रती बदलत.

करताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. बेस पॉइंट विचार करून निवडावा; दाराचा बिजागरीकडचा कोपरा उत्तम. तो भलतीकडे राहिला तर दार आपण टिचकी मारतो तेथे न येता पार रस्त्यावर जाऊन पडते. दुसरे म्हणजे ब्लॉकच्या रेघा शक्यतो ‘शून्य’ लेयरवर काढाव्यात, म्हणजे ज्या लेयरवर ब्लॉक बसवू तिचा रंग त्या घेतात. दुसऱ्या नकाशात वापरायचा असल्यास ‘डब्ल्यूब्लॉक’ने स्वतंत्र फाइल करून ठेवता येते. पण लक्षात असू द्या, ती फाइल नंतर सुधारली तरी पूर्वीच्या नकाशांतली दारे जुनीच राहतात. तेथे दुवा नसतो, प्रत असते.

आता माझ्या कामाचा भाग. ब्लॉकला ‘ॲट्रिब्यूट’ जोडता येतात: माप, काच, क्रमांक. संगणक मग नकाशातील ब्लॉक मोजून त्यांची यादी काढून देतो. कोणती खिडकी किती, हे बोटाने मोजणे नको. बिले लिहिणाऱ्याला याहून मोठे सुख कोणते?

या सुखानेच मला बुडवले. एका अपार्टमेंटच्या नकाशात सहा स्वयंपाकघरांच्या खिडक्यांची एक रेघ जराशी सरकवायची होती. ब्लॉकमधील एकच रेघ हलेना, म्हणून मी ‘एक्स्प्लोड’ केले. त्यासरशी खिडकी सुट्या रेघांत फुटली आणि क्रमांकाच्या जागी ॲट्रिब्यूटचे नुसते नाव दिसू लागले. ते खोडून मी साध्या अक्षरांत क्रमांक लिहिला आणि ती खिडकी उरलेल्या पाच जागी उतरवली. कागदावर फरक ओळखणे शक्य नव्हते. पुढे यादीही मीच काढली. संगणकाने ४६ खिडक्या सांगितल्या, मी ४६ लिहिल्या. होत्या ५२. फुटलेल्या सहा त्याच्या लेखी खिडक्याच नव्हत्या, नुसत्या रेघा होत्या.

चूक जूनमध्ये उघडकीस आली. सहा स्वयंपाकघरांना निळे प्लॅस्टिक बांधलेले आणि पावसाने नवा गिलावा भिजलेला. प्रथम बोलणी बसली ती माझ्या त्या कानडी मित्राला, कारण नकाशाखाली आद्याक्षरे त्याची होती. मी ऑफिसात जाऊन सांगितले, पण दोन दिवसांनी. ते दोन दिवस मला अजून सलतात.

खरे म्हणजे करायला हवे होते ते इतकेच: मूळ खिडकीची प्रत घेऊन, तीत बदल करून, तिला निराळ्या नावाचा ब्लॉक करायचे. नाव न बदलता मूळ व्याख्याच सुधारली असती तर बावन्नच्या बावन्न खिडक्यांची रेघ सरकली असती, तोही घोटाळाच. २००६ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये ‘डायनॅमिक ब्लॉक’ आले. त्यांत एकाच ब्लॉकला ठरवून दिलेल्या मर्यादेत लहानमोठे करता येते आणि मोजणी शाबूत राहते. ते बनवायला वेळ लागतो, म्हणून लहान ऑफिसांतून त्याचा कंटाळा करतात.

यादी काढण्यापूर्वी मी आता प्रत्येक तऱ्हेच्या खिडकीवर टिचकी मारून पाहतो. संपूर्ण खिडकी एकदम उजळली तर ठीक. एकच रेघ उजळली, की पेन्सिल घेऊन छापील नकाशावर बोटाने मोजायला बसतो.