कूलर, खिडकी आणि बोअरचं पाणी

कूलर सुरू झाला की बीडमधल्या कितीतरी घरांत आधी खिडक्या-दारं लावून घेतात. गार हवा वाया जाऊ नये, ही त्यामागची काळजी. एसीच्या खोलीत ती रास्त आहे. कूलरच्या खोलीत मात्र तिनेच उकाडा वाढतो.

मोठ्या इस्पितळांच्या गच्चीवर हवा हाताळणारी यंत्रं बसवलेली असतात. ती बाहेरची हवा ओढतात, गाळून गार करतात आणि खोलीतली शिळी हवा बाहेर काढतात. यातली पहिली दोन कामं आपला पत्र्याचा कूलर चोख करतो. तिसऱ्यासाठी त्याला उघडी खिडकी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते आणि मोठा कूलर ताशी 2,000 घनमीटर हवा आत ढकलतो. म्हणजे जवळपास दर मिनिटाला खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. तिला वाट दिली नाही, तर बाहेरची कोरडी हवा आत येणं मंदावतं, दमटपणा साठतो आणि अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून कूलर खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर असा बसवावा आणि समोरच्या बाजूला निदान कूलरच्या तोंडाएवढी फट ठेवावी. गवताच्या तिन्ही बाजू भिंतीपासून वीतभर तरी लांब हव्यात, आणि त्यांच्यावर दुपारचं ऊन येत नसेल तर उत्तमच.

गारवा येतो तो पाण्याची वाफ होताना. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना हवेतली सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. एक किलो बर्फ वितळताना फक्त 334 किलोज्यूल शोषतो. टाकीत बर्फाची लादी टाकणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. लादीचा गारवा थोड्याच वेळात संपतो.

पण वाफेलाही मर्यादा आहे. मे महिन्यातली दुपार 42 अंशांची आणि हवेतली आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक 22 अंशांजवळ थांबतो. कूलर याच्या खाली जाऊच शकत नाही. पॅड चांगलं असेल आणि सगळीकडे भिजलेलं असेल, तर तो 26 अंशांची हवा देतो. सोळा अंशांचा हा फरक मराठवाड्याच्या कोरड्या हवेमुळे मिळतो. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो.

या गारव्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. कडक दुपारी मोठा कूलर ताशी दहा लिटर पाणी सहज उडवतो. आठ तासांत 80 लिटर. टंचाईच्या गावांत टँकरच्या पाण्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला 20 लिटरचा आहे, म्हणजे हे चार माणसांचं पाणी झालं. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे मनोरेही पाणी वाफ करूनच गारवा मिळवतात; 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. म्हणून मला वाटतं, ज्या गावात टँकर येतो तिथे मध्यरात्रीनंतर पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. तोवर बाहेरची हवा बरीच निवलेली असते आणि पाणी वाचतं.

कूलर जुना झाला की गार करत नाही, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा दोष क्षारांचा असतो. काळ्या कातळातून आलेलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागे राहतात. लिटरमागे एक ग्रॅम क्षार धरले, तरी रोज 80 लिटरला 80 ग्रॅम आणि दोन महिन्यांत जवळजवळ पाच किलो! कूलरची बाजूची जाळी काढून गवत नीट पाहा. एखादा पट्टा पांढरा, कडक, कोरडा दिसेल. त्याच्या बरोबर वर पन्हळीतलं भोक क्षारांनी बुजलेलं असतं. त्या कोरड्या पट्ट्यातून गरम हवा थेट खोलीत शिरते. दाभणाने भोकं मोकळी करावीत, पन्हळीला लिंबूसत्वाचं पाणी लावावं; बुडबुडे येऊन खपली सुटते. गवत दर हंगामाला नवं घ्यावं. टाकीत नुसती भर घालत राहिलं, की उरलेलं पाणी रोज जास्त खारट होतं, म्हणून ते मधूनमधून काढून टाकावं. झाडांना घालू नये, फरशी धुवायला किंवा संडासात वापरावं.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणं डासांसाठीही गरजेचं आहे. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या कडेला, टाकीच्या भिंतीवर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच उबतात. त्यामुळे आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ नुसतं पाणी ओतून पुरा होत नाही; भिंती घासाव्याच लागतात.

आणि घासण्याआधी, पाणी भरण्याआधीही, प्लग काढावा. बटण बंद करणं पुरेसं नाही. पत्र्याचं अंग, ओली फरशी, पाण्यात बुडालेला पंप, अशा जागी अर्थिंग नसलेली दोन पिनांची वायर जीव घेते. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यांत लहान मुलं असतात. तीन पिनांचा प्लग, खरंखुरं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच यांचा खर्च कूलरच्या किमतीतच धरावा.

पावसाळा लागला की हिशोब बदलतो. 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेत कूलर जेमतेम साडेतीन अंश उतरवतो आणि अंथरूण ओलसर करतो. तेव्हा पंप थांबवून नुसता पंखा चालवावा. जुलैत गवत काढून टाकावं, टाकी घासून उन्हात वाळवावी, पंप पुसून घरात ठेवावा आणि गंजलेल्या कोपऱ्यांना रंगाचा हात द्यावा.