खोली मोजू नका, पाणी मोजा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजाविषयीचा नवा कायदा लागू झाला आणि तोवर बरीचशी चोरून चालणारी एक शेती उघड झाली. परवानाधारक उत्पादक बंद खोल्यांमध्ये, दिव्यांच्या उजेडात गांजाची झाडे वाढवतात. तिथे ऊन, वारा आणि पाऊस, सगळेच यंत्रांनी पुरवावे लागते. त्यातले सर्वांत दुर्लक्षित यंत्र म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारा डीह्युमिडिफायर. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरचा नाही. मात्र त्यामागचे गणित बंद जागेतल्या कुठल्याही ओलाव्याला लागू पडते. हे यंत्र घेताना गिऱ्हाईक सहसा खोली किती चौरस फुटांची आहे ते सांगते, आणि नेमकी तिथेच चूक होते. विचारायचे ते एवढेच, की त्या खोलीत रोज पाणी किती ओतले जाते.

झाड मुळांवाटे जे पाणी घेते त्यातले जेमतेम दोन-तीन टक्के स्वतःच्या वाढीसाठी ठेवते. उरलेले पानांवाटे वाफ होऊन हवेत जाते. शेतात ही वाफ वाऱ्यावर निघून जाते, बंद खोलीत तिला जायला वाट नसते. समजा, एका खोलीत १०० झाडे आहेत आणि प्रत्येकाला रोज ३ लिटर पाणी मिळते. कुंड्यांखालून ५० लिटर निथळून गेले, तर बाकीचे २५० लिटर आज ना उद्या हवेतच येणार. तेवढे पाणी रोज बाहेर काढले नाही तर खोली म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळत घातलेले माजघर होते. गांजाचा फुलोरा दाट आणि चिकट असतो, त्याच्या पोटात ओल साचली की बोट्रायटिस ही राखाडी बुरशी आतून कुजवत जाते आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पानांवर भुरी येते. हे नाव नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून फुलोऱ्याच्या काळात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवण्याकडे उत्पादकांचा कल असतो.

आता दुकानातल्या खोक्यावर ‘दिवसाला १०० लिटर’ असे लिहिलेले असते. असे आकडे बरेचदा ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजलेले असतात. त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते ११ ग्रॅमच्या आसपास भरते. विहिरीतच पाणी निम्म्याहून कमी असेल तर त्याच मोटेने तेवढेच पाणी कसे निघेल? गंमत अशी, की तोच आकडा मुंबईच्या जुलैत बराचसा खरा ठरेल, आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या गांजाच्या खोलीत फसवेल. अमेरिकेत घरगुती यंत्रांच्या चाचणीचे तापमान २०१९ मध्ये सुमारे २७ अंशांवरून १८ अंशांवर आणले गेले. यंत्रे तीच राहिली, पण खोक्यांवरचे आकडे उतरले. तेव्हा विक्रेत्याकडे मागायचा तो आपल्या खोलीच्या तापमानाला आणि आर्द्रतेला मिळणारा आकडा.

यावर पहिला आक्षेप असा, की एसी पाणी काढतोच, मग वेगळे यंत्र कशाला? एसी पाणी काढतो हे खरे, पण ते थंड करता करता. खोली हवी तितकी गार झाली की तो थांबतो, झाडे मात्र थांबत नाहीत. दिवे बंद झाल्यावर पानांचा वाफ सोडण्याचा वेग मंदावतो, पण तापमानही उतरते. २५ अंशांना ६० टक्के असलेली हवा २० अंशांपर्यंत गार झाली, तर पाण्याचा एक थेंबही न वाढता तिची आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. बुरशीची वेळ ती हीच, आणि एसी नेमका तेव्हाच स्वस्थ बसलेला असतो. एलईडी दिव्यांनी ही अडचण आणखी वाढवली आहे. ते कमी तापतात, म्हणून एसी कमी चालतो, म्हणून पाणीही कमी निघते.

दुसरा आक्षेप काटकसरीचा: पंखा लावून दमट हवा बाहेर टाकावी. कोलोरॅडोसारख्या कोरड्या प्रदेशात हा उपाय काही प्रमाणात चालतो. पण ओंटारिओचा उन्हाळा स्वतःच दमट असतो आणि हिवाळ्यात आत घेतलेली गोठती हवा तापवण्यातच पैसे जातात. शिवाय झाडांसाठी मुद्दाम सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्या हवेबरोबर निघून जातो, वास शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो आणि येणाऱ्या हवेतून बुरशीचे बीजाणू आत येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत पटण्यासारखा वाटतो: शंकाच नको, सर्वांत मोठे यंत्र घेऊन टाकावे. पण मोठे यंत्र झटपट हवा कोरडी करून बंद होते, पुन्हा सुरू होते आणि या चालू-बंदीत कॉम्प्रेसर झिजतो. एकच यंत्र ऐन फुलोऱ्यात बिघडले तर सगळी खोली उघड्यावर पडते. २५० लिटरसाठी खऱ्या परिस्थितीत ३०० लिटर काढणाऱ्या एका यंत्रापेक्षा १०० लिटरची तीन बरी, कारण एक बंद पडले तरी उरलेली दोन बराचसा भार उचलतात. दुसरा हिशोब विजेचा. एका युनिटमध्ये २ लिटर काढणारे यंत्र २५० लिटरसाठी रोज १२५ युनिटे घेते, साडेतीन लिटर काढणाऱ्याला ७१ पुरतात. वर्षाला हा फरक जवळपास २० हजार युनिटांचा होतो. यंत्राने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते आणि ती काढण्याचे काम पुन्हा एसीवर पडते, म्हणजे एकाच उधळपट्टीचे बिल दोनदा भरायचे. ऊर्जा-अभ्यासक एव्हान मिल्स यांनी २०१२ साली मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकेच्या एकूण विजेतली सुमारे १ टक्का वीज घरांत आणि गोदामांत चालणाऱ्या या शेतीकडे जात होती. हे लक्षात घेतले तर खरेदीच्या वेळी वाचवलेले पैसे किती महाग पडतात ते कळते.

राहता राहिला हा मुद्दा, की पाणी घालण्याचे प्रमाण रोज सारखे नसते, मग हिशोब कशाचा धरायचा? रोपे लहान असताना कमी, फुलोऱ्यात सर्वांत जास्त. म्हणून ज्या आठवड्यात सर्वांत जास्त पाणी जाते तो आठवडा धरायचा, आणि इतर वेळी तीनपैकी एक-दोन यंत्रे बंद ठेवायची. त्या आठवड्याची पाण्याची नोंदवही विक्रेत्याच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची, कारण झाडाला दिलेले पाणी आणि यंत्राच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी ही एकाच खात्याची जमा आणि खर्चाची बाजू आहे. खाते जुळले नाही, तर फरक बुरशी भरून काढते.